घर दाखवणारे दगड

बाबूलाल टेंभरे खाणीच्या दवाखान्याची जीप चालवायचा, त्या काळात त्याला कोणी पत्ता सांगत नसे. नुसतं नाव सांगायचं. "कुंताबाईच्या सुनेला कळा सुटल्या" एवढं कानावर आलं, की तो चहाचा कप खाली ठेवून उठायचा. कुंताबाई कोणती, तिचं घर तळ्याच्या पाळीखाली कोणत्या अंगाला, दारात बैलबंडी उभी असली तर जीप कुठून आत घालायची, हे सगळं त्याच्या डोक्यात पक्कं असे. नाकाडोंगरीच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला मँगनीजची ती खाण होती. दवाखाना लहान, डॉक्टर एक आणि जीपही एकच. सत्तर साल उलटल्यावर ती जीप आली आणि पहिल्या दिवसापासून बाबूलालच्या हाती होती.

त्याचं स्वतःचं घर मात्र सांगायला फार अवघड. डांबरी सडक सोडली की पांदण, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, लागायची. ती पुढे धानाच्या बांध्यांत, भाताच्या खाचरांत, शिरून फुटायची, पुन्हा फुटायची, आणि शेवटी एका बोडीजवळ चार-पाच घरांचा टोला यायचा. बोडी म्हणजे गावतळ्याचं लहान भावंड, आणि त्या भागात बोड्यांना तोटा नव्हता. प्रत्येक बोडीवर एखादा टोला, आणि सगळ्यांना लोक "बोडीवरचा टोला"च म्हणायचे. त्यात धान कापून झालं की बंड्या मोकळ्या बांध्यांतून वाटेल तिथून जायच्या. दर हंगामात नव्या चाकोऱ्या उमटायच्या, जुन्या बुजायच्या. टोल्यातला माणूस पायी येई-जाई, त्याचं काही अडत नसे. अडायचं ते बाहेरून येणाऱ्या गाडीचं.

आणि बाबूलालला गाडीची गरज होती. त्याच्या बायकोला, शकुनबाईला दमा होता. एरवी ती चार बायांचं काम एकटी उपसणारी, पण मळणीचे दिवस आले, खळ्यावरचा भुसा हवेत उडू लागला, की तिची छाती आवळून यायची. घरगुती उपाय एका हद्दीपर्यंतच चालत. मग बाबूलाल जीप आणायचा, तिला पुढच्या सीटवर बसवायचा आणि दवाखान्यात न्यायचा. शिरेत इंजेक्शन, नाकाला नळी. दुसऱ्या दिवशी ती परत कामाला. खाणीजवळ खोली घेऊन राहूनही पाहिलं होतं त्यांनी. तिथल्या काळ्या धुळीने तिला उन्हाळ्यातही चैन पडेना, म्हणून पुन्हा टोल्यावर आले. मूलबाळ नव्हतं. शेजारी देवकाबाई नावाची म्हातारी, तिचाच काय तो आधार.

मग बाबूलालच्या डोळ्यांनी दगा दिला. दिवसा सगळं स्वच्छ दिसे, पण दिवस कलला की रस्त्याच्या कडा विरघळून जात. काही दिवस त्याने सवयीवर गाडी हाकली. एका संध्याकाळी तिरोड्याकडून येताना पूल संपायच्या आधीच त्याने जीप वळवली. पुढचं चाक कठड्याला अडकलं म्हणून वाचले. मागे एक बाळंतीण होती. डॉक्टरांनी त्याचे डोळे तपासले, गोळ्या दिल्या, त्यांचा गुण आला नाही. मग त्याला खाणीच्या फाटकावर बसवलं आणि जीपवर पवनीकडचा गोमाजी नावाचा ड्रायव्हर आला. माणूस सरळ होता. किल्ली घेताना त्याचाच चेहरा उतरला होता.

घरी शकुनबाई म्हणाली, "गाडी गेली त गेली. तुमी दिवसभर बसून राहान, बरंच हाये."

"तुले धाप लागली त कोन येईन?"

"तो नवा मानूस येईन. त्याले का पाय नाईत?"

"पाय हायेत. पन त्याले घर कोटी मालूम हाये?"

हाच विचार त्याला कुरतडत राहिला. पुढच्या रविवारी त्याने गोमाजीला जीपमध्ये शेजारी बसवून, नव्हे, स्वतः शेजारी बसून, वाट दाखवली. हे मोहाचं झाड, इथून उजवीकडे. हा धुरा, दोन बांध्यांमधला बांध, सोडायचा नाही. ही पहिली बोडी आपली नव्हे. गोमाजी मान डोलवत होता. पुढे एकदा आपण होऊन तो एकटाच आला आणि भलत्याच टोल्यावर पोचला. तिथल्या लोकांनी चहा पाजला, तो पिऊन परत गेला.

फाटकावर तो हसत हसत सांगू लागला, "बाबूलालभाऊ, तुमच्या घरी गेलो होतो, पन ते घर तुमचं नोयतं!"

बाबूलाल हसला नाही. "मी मजाक नाई करून राहिलो, गोमाजी. घर तुले आंधळ्यावानी सापडलं पायजे."

त्यानंतर त्याने दगडांचं काम काढलं. नाल्यातले मोठमोठे गोटे बंडीत घालून आणले. अंगणात कळकटलेल्या पिंपात चुना भिजवला. शकुनबाई नाकाला पदर बांधून दगड रंगवायला बसली. पांढऱ्यावर गेरूचा बाण तिनेच काढायचा, बाबूलालच्या हाताने तो वाकडा यायचा. जिथे जिथे वाट फुटत होती तिथे दोन दोन दगड मांडले, पहिली जोडी थेट डांबरी सडकेवर, पांदणीच्या तोंडाशी. टोल्यातले लोक बघायला जमले.

देवकाबाई म्हणाली, "कोनाची वरात येऊन राहिली बापा?"

"तुई," शकुनबाई म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. हसता हसता शकुनबाईला खोकला आला.

गोमाजी दगडांच्या मागोमाग आला आणि कुठेही न थांबता जीप अंगणात आणून उभी केली. त्याने हॉर्न वाजवला तसे कोंबडे उडाले. शकुनबाईने त्याला गुळाचा चहा दिला, मुरमुरे दिले. त्या दिवशी बाबूलालच्या मनावरचं ओझं खरोखर उतरलं. त्याच हिवाळ्यात तिला जोराची धाप लागली, निरोप गेला, आणि जीप आली. कोणी वाट दाखवायला गेलं नव्हतं. पुढच्या वर्षीही तसंच झालं.

पूर्वी टोल्यात कोणी आजारी पडलं की एक माणूस निरोप घेऊन जायचा आणि दुसरा सडकेवर हात दाखवायला उभा राहायचा. दगड आल्यावर ही पद्धत मोडली. माणूस कशाला अडकवायचा? सडकेवर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ निरोप दिला की झालं. जीप आपोआप येते, ही गोष्ट टोल्याच्या अंगवळणी पडली. बाबूलाल दर पोळ्याला दगडांना नवा चुना लावायचा आणि मान वर करून चालायचा.

ब्याऐंशी साल सरत आलं होतं. सडकेवरच्या मोठ्या गावात एका इमारतीचं उद्घाटन ठरलं, बाहेरून कोणी बडे साहेब येणार होते. मैदान साफ करून मांडवापर्यंत वाट आखायची होती. वाटेच्या दोन्ही अंगांना पांढरे दगड हवेत असं कोणीतरी म्हणालं. कामावरची माणसं ट्रॅक्टर घेऊन निघाली. सडकेच्या कडेला, पांदणीत, बांध्यांच्या धुऱ्यांवर आयते रंगवलेले दगड पडलेले. त्यांनी ते उचलले. त्यात कोणाचा कपट-कावा नव्हता. त्या हंगामात बाबूलाल बोडीच्या मागच्या आडवाटेने खाणीवर जात होता, ती जवळ पडायची. त्याला पत्ताच नव्हता.

दोन दिवसांनी दुपारी शकुनबाईला धाप लागली. बाबूलालची त्या दिवशी सुट्टी होती. खळ्यावर मळणी चालू होती, तीही काम सोडून घरात बसली नव्हती. आधी तिने हाताने खूण केली, काही नाही म्हणून. मग ती भिंतीला टेकली आणि तिचे ओठ निळे पडू लागले. देवकाबाई सडकेकडे धावत गेली. एक ट्रक थांबवून तिने दवाखान्यात निरोप द्यायला सांगितला. ट्रकवाला इमानदार होता, त्याने निरोप दिला. देवकाबाई तिथे थांबली नाही. शकुनला धरायला बाईमाणूस हवं, जीप काय दगड बघत येईलच, असा तिने विचार केला. धावतपळत आलेल्या म्हातारीला पांदणीच्या तोंडाशी दगड आहेत की नाहीत, हे दिसलंही नसेल.

"सांगतलं," ती दारातून म्हणाली. "येऊन राहिली गाडी."

शकुनबाईने डोळ्यांनीच बरं म्हटलं. बाबूलाल तिच्या मागे बसून होता. तिची पाठ त्याच्या छातीला टेकलेली. तिचा प्रत्येक श्वास ओढून आणल्यासारखा यायचा आणि त्याला आपल्या फासळ्यांत लागायचा. बाहेर ऊन पिवळं पडलं.

मग त्याला जीपचा आवाज आला. इतकी वर्षं जी हाकली तिचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. आवाज पांदणीतून आत आला.

"आली शकुन, आली. आईक."

आवाज जवळ येता येता डावीकडे सरकला. मग गिअर बदलला आणि तो दूर जाऊ लागला. बाबूलालच्या लक्षात आलं की गोमाजी दुसऱ्या बोडीच्या अंगाला चालला आहे. त्याने शकुनबाईला देवकाबाईच्या अंगावर टेकवलं आणि बाहेर धाव घेतली. "गोमाजी! इकडे! इकडे गा!" तो ओरडत बांध्यांतून पळत सुटला. पण दिवस कलला होता. थोड्याच अंतरावर त्याला जमीन दिसेनाशी झाली, धुऱ्यावरून पाय घसरून तो कापलेल्या धानाच्या खुंटांवर तोंडावर पडला. उठून पुन्हा पळाला, पुन्हा पडला. जीप कुठेतरी थांबली, घरघरली, मागे फिरली. आवाजावरून त्याला ती अगदी कळत होती, ती पडीक जमिनीत रुतली आहे, आता निघाली, आता वळते आहे. आणि मग ती सडकेला लागली आणि खाणीच्या दिशेने गेली.

तो चाचपडत घरी आला तेव्हा देवकाबाई शकुनबाईचे केस बोटांनी मागे सारत होती. घरात श्वासाचा आवाज नव्हता.

गोमाजी पुन्हा आला तो वाटेत भेटलेल्या एका गुराख्याला सोबत घेऊन. अंगणात पाऊल टाकताच तो समजला. तो खाली बसला आणि कपाळ धरून रडू लागला.

"बाबूलालभाऊ, दगड नोयते. आईच्यान सांगतो, एक बी दगड नोयता. मी त्या वाटेनं गेलो, मंग त्या वाटेनं गेलो..."

"मी आइकलं," बाबूलाल म्हणाला. "तू आल्ता. मी आइकलं."

पांढरे दगड ट्रॅक्टरमधून मैदानाकडे गेल्याचं त्याला गुराख्याकडून कळलं, आणि तिसऱ्या दिवसानंतर तो तिथे गेला. उद्घाटन होऊन गेलं होतं, मांडव सोडत होते. मांडवापर्यंतच्या वाटेला दोन्ही बाजूंनी पांढरे दगड होते, त्यांना वरून नवा चुना फासलेला. गेरूचे बाण खालून अंधुक दिसत होते. दोर गुंडाळणाऱ्या माणसाला त्याने विचारलं, "हे दगड कोटचे?"

"पांदनीतले. कोनाचे नोयते ते, नाल्यातले गोटे." माणूस थांबला, त्याने बाबूलालच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमचे होते का? सांगतलं असतं त नसते उचलले."

बाबूलालने वाकून एका दगडाला हात लावला. दगड नाल्यातलेच होते. कोणावर रागवावं असा एकही माणूस त्याला तिथे दिसला नाही. तो परत फिरला. दगड त्याने आणले नाहीत.

डॉक्टर भला माणूस, त्याने फाटकापाशी येऊन विचारपूस केली. जाता जाता सहज म्हणाला, "बाबूलाल, सडकेवर एक माणूस उभा केला असता तर?" त्याने ते टोचायला म्हटलं नव्हतं. पण बाबूलालने ते वाक्य घरी नेलं आणि ते त्याच्याजवळच राहिलं. पूर्वी माणूस उभा असायचा. तो माणूस आपणच तिथून काढला, असं त्याला वाटू लागलं. देवकाबाईला वाटे, चूक आपली. दोघं एकमेकांना समजवायची आणि दोघांनाही ते पटत नसे.

पुढे खाणीतलं काम कमी झालं. गोमाजी पवनीकडे निघून गेला, जाताना भेटायला आला नाही. त्याला तोंड दाखवणं जड जात होतं, हे बाबूलाल समजून होता. टोल्यातली दोन घरं कामाच्या शोधात कामठीकडे गेली. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात देवकाबाईचा मुलगा बपेऱ्याहून बंडी घेऊन आईला न्यायला आला.

"चाल ना तू बी," ती बाबूलालला म्हणाली. "इथं कोन हाये तुआ?"

"तुमी जा, बाई."

"मेला-गेला त कोनाले मालूम बी नाई पडन."

बाबूलालने तिचं गाठोडं बंडीत ठेवलं, तिला हात देऊन वर चढवलं. बोडीच्या पाळीपर्यंत तो सोबत गेला. त्याला आता दिवसाही नीट दिसत नव्हतं. बंडी कुठवर गेली हे तो बैलांच्या घुंगरांवरून ऐकत उभा राहिला. घुंगरं ऐकू येईनाशी झाल्यावरही तो बराच वेळ तिथून हलला नाही, कारण घरी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं.