लाल हार्वेस्टरची शिंगं

सन २००९. मी एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतच, पण मुलानं पुण्याहून आणलेल्या कॉम्प्युटरवरचा शेतीचा खेळ मी कुणी न शिकवता शिकलो. खेळाची सीडी ओतूरच्या दुकानातून मीच आणलेली. डबीवर हे भलंमोठं लाल हार्वेस्टर. ते बघूनच अवसरीच्या मेव्हण्याला सांगून बसलो, "पावणं, या एकदा, आमचं हार्वेस्टर बघा." त्याच्या ट्रॅक्टरच्या बढाया आजवर मुकाट ऐकल्या होत्या, आता माझी पाळी होती.

काही दिवस खेळून पुढं जाऊन बघतो तर लाल हार्वेस्टरला कुलूप. लहान मशीन तेवढं चालायचं. तडक ओतूर गाठलं. दुकानदार मारवाडी शेठ, बोलणं आमच्यासारखंच. म्हणाले, मोठं हार्वेस्टर इंटरनेटवरून वेगळं उतरवून घ्यावं लागतं, त्याचे पैसेही वेगळे.

मी म्हणालो, "शेठ, बैल इकताना दावं देत न्हाईत, ही रीत मला ठावं हाय. पण बैल इकून शिंगं ठेवून घेतलेली म्या कुठं बघितली न्हाईत."

शेठ शांतपणे म्हणाले, "आबा, लहान मशीननं गहू निघतो का?"

"निघतो की."

"मग मोठं मशीन शिंगं नव्हं, झूल हाय. पोळ्याला झूल घालायची तर आपली आपण आणायची."

मागे खेळातला ट्रॅक्टर उगाच जमिनीत घुसायचा, तेव्हा याच शेठनी काहीतरी फुकट उतरवून दिलं होतं. मी तो विषयही काढला. ते म्हणाले, ती खोड होती. बैलाची खोड निघाली तर विकणाऱ्यानं निस्तरायची, वर साज द्यायचा नाही.

मला पटलं. पण पटलं म्हणून लगेच कबूल करायचं, हे आपल्याला जमत नाही. "ठिवा तुमची झूल," म्हणून उठलो.

घरी येतो तर मेव्हण्याचा फोन. उद्या दुपारी येतोय म्हणाला, संगं व्याहीबुवा पण हायत.

आमच्या घरच्या इंटरनेटवर हार्वेस्टर उतरेपर्यंत पोळा उजाडला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरचा डबा बैलाच्या झुलीत बांधला, पहिल्या एसटीनं ओतूरला गेलो, शेठच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "शिंगं बसवून द्या."