बिनचूकताईची खूण

विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर, सायकल दुरुस्तीवाला आणि चहाची टपरी यांच्या बेचक्यात एक झेरॉक्सचं दुकान आहे. दोन माणसं आत उभी राहिली तर तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं, एवढीच जागा. पाटी मात्र दुकानापेक्षा रुंद: ‘येथे सर्व प्रकारचे फॉर्म बिनचूक भरून मिळतील.’ त्यातला ‘बिनचूक’ लाल रंगात, बाकीचं काळ्यात. या लाल शब्दानेच दुकानाच्या मालकिणीचं बारसं केलं. तिचं खरं नाव तिच्या नवऱ्यालाही सही करताना आठवावं लागतं. सगळं विद्यापीठ तिला बिनचूकताई म्हणतं.

पाटी खोटी नव्हती. प्रवेशाचा फॉर्म, फीमाफीचा, नावातली चूक दुरुस्त करायचा, हरवलेल्या गुणपत्रिकेचा, सगळे तिला तोंडपाठ. कुठे सही करायची, कुठे आडवी रेघ मारायची आणि कुठली जागा मोकळी सोडली की खिडकीतला माणूस उद्या या म्हणणार, हे ती डोळे मिटून सांगायची. बरं, ती नुसता फॉर्म भरून देत नसे. पोरांना शिकवूनही पाठवायची, की जास्तीचे पैसे मागितले तर भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, एवढंच विचारायचं: हे कुठल्या नियमात आहे, तेवढं दाखवता का?

या एका वाक्याने चार नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाची झोप उडवली होती. त्याला सगळे शिक्केसाहेब म्हणत, कारण तो बोलताना हातातला शिक्का टेबलावर आपटायचा. त्याच्या खिडकीची फट मुद्दाम ठेवल्यासारखी खाली होती. भल्या माणसाला कंबरेत वाकून, मान तिरकी करून बोलावं लागे. विद्यापीठात शिरणारा पहिला धडा हाच शिकतो, वाकायचा. बिनचूकताई वाकत नसे. ती दुकानातलं स्टूल बगलेत मारून न्यायची, खिडकीपुढे मांडायची आणि त्यावर बसून शिक्केसाहेबाच्या डोळ्याला डोळा भिडवायची. वीस वर्षांत दोघांत एकही शिवी झाली नव्हती, आणि एकही गोड शब्दसुद्धा.

आता मूळ गोष्ट. बिनचूकताई बावीस वर्षांपूर्वी याच विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होती. दुकान तेव्हा तिच्या वडिलांचं. वडील जिन्यावरून पडले, कंबर गेली, आणि ‘एवढं वर्ष सांभाळते’ म्हणून ती गल्ल्यावर बसली ती बसलीच. मशीन बिघडलं म्हणून एक मेकॅनिक आला, तो वारंवार यायला लागला, आणि मशीन बरं झाल्यावरही येत राहिला. तोच नवरा. त्यांची लेक याच विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला गेली, तेव्हा ताईच्या डोक्यात किडा वळवळला. आपली पदवी चार पेपरांनी अडली आहे. लेकीच्या आधी ती घ्यायचीच.

नियम तिला पाठ होता. शिक्षणात खंड पडलेल्याने वर्गात यायचं नाही, उरलेल्या पेपरांची परीक्षा फी भरायची, झालं. असे पन्नासेक फॉर्म तिने लोकांना भरून दिले होते. स्वतःचा तिने एका भर गर्दीच्या दुपारी, एका मुलाची पंधरा पानं मशीनमधून निघत असताना, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये भरला.

फॉर्म जमा होऊन नोंद झाली, आणि चौथ्या दिवशी ती फी भरायला स्टूल घेऊन खिडकीवर गेली. शिक्केसाहेबाने कागद पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे बघून हसला. पूर्ण वर्षाची फी पडेल म्हणाला.

ताईने शांतपणे विचारलं, “हे कुठल्या नियमात आहे, दाखवता का?”

“नियमात कशाला, तुमच्याच अक्षरात दाखवतो.”

त्याने फॉर्म काचेला चिकटवला. दोन चौकोन होते. ‘खंडित’ कोरा. ‘नियमित’मध्ये ठसठशीत, टोकदार, ताईच्या हातची खूण. वीस वर्षांत तिने हजारो पोरांच्या फॉर्मवर याच चौकोनात अशीच खूण केली होती. हाताने काम केलं होतं, डोकं पंधरा पानं मोजत होतं.

शिक्केसाहेबाने खणातून एक पिवळा फॉर्म काढून फटीतून सरकवला. खूण बदलायचा अर्ज. पंधरा दिवसांत दिला की झालं. त्यात फक्त दोन रकाने महत्त्वाचे: ‘चूक कोणाची’ आणि ‘चुकीचे कारण’. भरला की त्याची एक प्रत आम्ही सूचनाफलकावर लावू, म्हणाला, विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी. मागे रांगेत आठदहा पोरं कान टवकारून उभी होती, आणि त्यातली निम्मी तिची गिऱ्हाइकं.

शहाण्या बाईने त्या क्षणी गुपचूप पिवळा कागद घेतला असता. पण राग आला की शहाणपण आधी स्टुलावरून उठतं. ताई म्हणाली, चूक कसली? मी विचार करूनच खूण केली आहे. मला नियमितच शिकायचं आहे. आणि नव्या मशीनच्या आगाऊ रकमेसाठी त्याच सकाळी बँकेतून काढलेले पैसे तिने पिशवीतून काढून फटीत सारले. ते पुरेनात, तेव्हा उरलेले शेजारच्या सायकलवाल्याकडून उसने आणून सारले.

 संध्याकाळी दुकानात मेकॅनिक जुन्या मशीनचं पोट उघडून आत बघत बसला, आणि नवरा मशीनमध्ये तोंड घालून बसला की समजावं, त्याला फार काही बोलायचं आहे. हे मशीन गेली कित्येक वर्षं प्रत्येक पानाची शेवटची ओळ खात होतं. तो सुटा भाग आता कुठे मिळत नव्हता. नवं मशीन हे त्याचं स्वप्न होतं. मान बाहेर काढून त्याने एवढंच सुचवलं, की अजून दिवस आहेत, पिवळ्या फॉर्मवर डोळ्यांचं कारण दे, चष्मा लागला म्हण, त्यात कमीपणा नाही. ताई म्हणाली, माझे डोळे ठणठणीत आहेत, आणि भाजी घ्यायला गेली.

लेकीला मात्र गप्प बसता आलं नाही. “म्हणजे आई, तू कॉलेजात माझी सीनियर?”

“हो. आणि सीनियरशी नीट बोलायचं असतं.”

मग ताईने पावती वाचली. तिच्यासारखं पावती वाचणारं माणूस विरळा. शिकवणी शुल्काच्या खाली बारीक अक्षरात नऊ बाबी होत्या: ग्रंथालय, व्यायामशाळा, वैद्यकीय तपासणी, क्रीडा, सांस्कृतिक, आणखी काय काय. पोरं हे पैसे भरतात आणि विसरतात. ताई विसरणाऱ्यातली नव्हती. भरलंय ना, मग वसूल करायचं.

दुसऱ्या दिवसापासून विद्यापीठाची परीक्षा सुरू झाली. ग्रंथालयात तिने नियमाप्रमाणे चार पुस्तकं मागितली, त्यातली तीन यादीत असून कपाटात नव्हती. तिने तसं लेखी मागितलं. व्यायामशाळेला कुलूप होतं. किल्ली कोणाकडे, हे शोधायला तिला दोन दिवस आणि शिपायाला तीन चहा लागले. उघडल्यावर आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे निघाले. तिने सगळ्यात वरचा गठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर दहा वेळा उचलला आणि नोंदवहीत ‘व्यायाम केला’ लिहून सही केली. वैद्यकीय तपासणीला डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात असं कळलं, तर ती त्या एका दिवशी वर्गातल्या बेचाळीस पोरांना घेऊन गेली. प्रत्येक वेळी तक्रार जाई ती चार नंबरच्या खिडकीतून, शिक्क्यासह. शिक्केसाहेबाच्या शिक्क्याला सुकायला वेळ मिळेना. लेक घरी येऊन सांगायची, की आज तुझ्यामुळे मैदानावर जाळं लागलं, आज तुझ्यामुळे नळाला पाणी आलं. सांगताना तोंड वाकडं करायची, पण सांगायची.

वर्गात ती वसुलीसाठीच गेली होती. नियमिताला हजेरीची सक्ती, म्हणून मागच्या बाकावर बसून झेरॉक्सची बिलं लावायची, असा बेत. अर्थशास्त्राचे सर म्हातारे, आवाज संथ. बोलायला लागले आणि ताईच्या लक्षात आलं की पुढचं वाक्य आपल्याला येतं. त्याच्या पुढचंही. या सरांच्या नोट्स तिने वीस वर्षं काढल्या होत्या, हजारो प्रती, एकही ओळ न वाचता. पण कागद हातातून गेला की डोळ्यांतूनही जातोच. पान एकेचाळीसवर डाग कुठे आहे तेही तिला ठाऊक होतं. त्या पानाचं शेवटचं वाक्य ‘आणि म्हणून’ इथे संपतं. ती मनात म्हणाली, आणि म्हणून. सर म्हणाले, आणि म्हणून. आणि थांबले नाहीत.

“आणि म्हणून ज्याला माहिती नाही, त्याला तीच वस्तू नेहमी महाग पडते.”

ताई उभी राहिली. तिने सरांना वाक्य पुन्हा सांगायला लावलं, मग आणखी एकदा. सर म्हणाले, बाई, यात एवढं काय आहे? तेव्हा तिला सांगावं लागलं, की ही ओळ माझं मशीन खातं. सरांनी चष्मा काढला. वीस वर्षं सगळ्या पोरांचं उत्तर ‘आणि म्हणून’वर का थांबतं, याचा त्यांनी खूप विचार केला होता. एका वर्षी तर त्यांनी सगळ्या वर्गाला कॉपीच्या संशयावरून झाडलं होतं. वर्ग खदखदून हसला, सर हसले, ताई हसली नाही. तिने बिलाच्या मागे ती ओळ लिहिली. नियम दाखवा म्हणत ती आयुष्यभर जी गोष्ट खिडकीवर करत होती, त्या गोष्टीला एक तयार वाक्य होतं, ते तिच्याच दुकानातून रोज जात होतं, आणि रोज कापलं जात होतं.

त्या दिवसानंतर ती पहिल्या बाकावर बसायला लागली. बिलं दुकानात राहिली.

पंधराव्या दिवशी शिक्केसाहेब स्वतः दुकानात आला. खिडकीबाहेर त्याला कोणी पाहिलं नव्हतं. तो चांगलाच बुटका निघाला. आत जागा नव्हती म्हणून उंबऱ्यावरच उभा राहिला. ताईने स्टूल दिलं. त्याने आंबट तोंडाने सांगितलं, की तुम्ही जिंकलात. जुन्या नोंदीत तुमचा खंड आहे, त्यामुळे आज कार्यालय बंद झालं की तुमची खूण आपोआप ‘खंडित’ होणार. जास्तीचे पैसे परत, अर्ज नको, कबुली नको, फलक नको. फक्त तक्रारी थांबवून गप्प बसायचं. वर्गात यायचं मात्र उद्यापासून बंद.

मशीनच्या मागून मेकॅनिकने मान वर काढली. नवं मशीन त्याच्या डोळ्यांत चालू झालेलं दिसत होतं.

ताईने विचारलं, “आणि मला नियमितच राहायचं असेल तर?”

“तर मग आज कार्यालय बंद व्हायच्या आत तोच पिवळा फॉर्म. दोन्ही रकान्यांसकट.” शिक्केसाहेबाला वाटलं, ही काही आता भरत नाही.

ताईने नवऱ्याकडे पाहिलं. तो मशीनकडे पाहत होता. मग म्हणाला, आणखी एक वर्ष ओढतो याला मी, पण शेवटची ओळ याच्याच्याने यायची नाही, ती तुलाच हाताने लिहावी लागेल. आणि पुन्हा आत तोंड घातलं.

ताईने गिऱ्हाइकांना थांबवलं, दुकानातल्या गठ्ठ्यातून एक पिवळा फॉर्म काढला. मशीन बंद करवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिने एक फॉर्म एकटा समोर घेऊन, दुसरं काहीही न करता भरला. ‘चूक कोणाची’ या रकान्यात लिहिलं: माझी. ‘चुकीचे कारण’ यात लिहिलं: सवय. ‘विनंती’ या रकान्यात लिहिलं: झालेली चूक कायम ठेवावी.

शिक्केसाहेबाने तीनदा वाचलं. बोट फिरवून कुठे काही राहिलंय का पाहिलं. काही राहिलं नव्हतं. असल्या अर्जावर कुठला शिक्का मारायचा हे त्याला सुचेना. शेवटी खिशातून शिक्का काढून ‘मिळाला’ असा मारला. सूचनाफलकाची आठवण काढायला त्याने तोंड उघडलंच होतं, तोवर ताईने अर्जाची प्रत काढली आणि स्वतःच पाटीखाली खिळ्याला लावली.

प्रतीची शेवटची ओळ अर्थातच मशीनने खाल्ली होती. ताईने पेन घेतलं आणि खाली हाताने लिहिलं: विद्यार्थिनीची सही.