सावकाश या, जागा धरलीये

“सावकाश या, जागा धरलीये.”

फोनवर एवढं एकच वाक्य आलं की आम्ही ओळखायचो, कार्यक्रमाला अजून बराच वेळ आहे आणि काका सभागृहात जाऊन बसलेत. आमच्या मंडळाचे कार्यक्रम इथल्या एका शाळेत होतात. इथल्या म्हणजे डब्लिनमधल्या, आणि डब्लिन म्हणजे ओहायोतलं. हे दर वेळी सांगावं लागतं, नाहीतर भारतातल्या नातेवाइकांना आम्ही आयर्लंडला राहतो असं वाटतं. पत्रिकेवर चारची वेळ असली की पडदा पाचला वर जातो आणि मी त्याच्याही नंतर पोचते. तुमच्यातही माझ्यासारखं कोणीतरी असेल. आणि खुर्च्या मांडणाऱ्यांच्या आधी येऊन त्यांनाच घाई करणारे एक काकाही असतील.

दुसऱ्या रांगेत त्यांचा संसार मांडलेला असायचा. एका खुर्चीवर चष्म्याचं घर, एकीवर मफलर, एकीवर माकडटोपी. आणि अगदी शेजारच्या खुर्चीवर चार घड्यांचा पांढरा रुमाल. रुमालाची जागा सगळ्यात उशिरा येणाऱ्याची, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे ती बहुतेक वेळा माझीच. मी धापा टाकत आले की ते शांतपणे रुमाल उचलायचे, खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, “काही चुकलं नाही तुझं. आत्तापर्यंत नुसते सत्कार चाललेत.”

ते आमच्या शेजारच्या निखिलचे वडील. सातारा भागात बँकेत नोकरी झाली, बदलीच्या गावाहून दर शनिवारी एसटीने घरी. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत टाकायचा, ही विद्या तिथली. काकूंना लग्नानंतर पहिल्यांदा गाडीत बसवलं तेही अशाच धरलेल्या जागेवर, आणि त्या गाव येईपर्यंत रुमालावरच बसून राहिल्या, हे ते फार आनंदाने सांगत. अमेरिकेत येऊन ही सवय सुटेल असं निखिलला वाटलं होतं. पण विमानातसुद्धा बाथरूमला जाताना ते आपल्या नंबराच्या सीटवर रुमाल ठेवून जायचे. नात म्हणाली, “आजोबा, दॅट सीट इज ऑलरेडी युअर्स.” त्यावर म्हणाले, “कागदावर. माणसाने उठताना काहीतरी ठेवून उठावं.”

अशा माणसाची मुलगी त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

मंजू निखिलहून धाकटी. इंग्लंडमध्ये किंग्ज लिन नावाचं एक जुनं बंदराचं गाव आहे, तिथे ती फिजिओथेरपिस्ट. काकू आजारी पडल्या तेव्हा तिची नोकरी नवी होती. पोरं परदेशात, उगाच कशाला काळजीत टाकायचं, असं म्हणत काकूंनी कोणाला कळवू दिलं नाही आणि काकांनी ऐकलं. आपल्याकडे घरोघरी हे चालतं. फोनवर सगळं उत्तम असतं, आणि मागे सलाइनची बाटली लटकत असते. निखिल नेमका ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला होता, म्हणून त्याला आई भेटली. मंजू पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर निखिलने काकांना इकडे आणलं. मंजू त्यांना दिवाळीला आणि वाढदिवसाला फोन करायची, औषधं घेता ना विचारायची आणि ठेवून द्यायची. भेटायला कधी आली नाही, आणि ‘तुम्ही या’ असं म्हणालीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोन घरांनी मिळून लंडनला जायचं ठरवलं. काका म्हणाले, लंडन काय, सगळेच बघतात, एक दिवस किंग्ज लिनला जाऊ. मग त्यांनी आम्हाला त्या गावाचा इतिहास ऐकवायला सुरुवात केली. पूर्वी उत्तरेकडच्या समुद्रातून जहाजं कशी येत, व्यापाऱ्यांच्या वखारी नदीला कशा लागून आहेत, जकातीची इमारत किती सुबक आहे, आणि आसपास जुन्या सरदारांच्या केवढ्या हवेल्या आहेत. निखिल मान डोलवत ऐकत होता. बाबांना इंग्लंडच्या जकातीत एवढा रस का, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. पण म्हाताऱ्या माणसाने एवढा अभ्यास करून बहाणा शोधला असेल, तर तो मोडायचा कशाला.

त्यांनी मंजूला कळवलं होतं. तिचं उत्तर आलं होतं, ‘ड्यूटी आहे. बघते.’ आता मराठी माणूस ‘बघते’ म्हणतो तेव्हा काय समजायचं, हे तुम्हाला मी सांगायला नको. काकांनी मात्र मला बेसनाचे लाडू करायला लावले. माझे लाडू टाळूला चिकटतात अशी त्यांची कायमची तक्रार. तरी डबा ओहायोपासून त्यांनी स्वतःच्या मांडीवर आणला.

लंडनहून भाड्याची व्हॅन केली होती. वाटेत आधी एक हवेली लागली. हवेली कसली, आमचं अख्खं सबडिव्हिजन, म्हणजे सगळी घरांची वसाहत, तिच्या हिरवळीवर मावलं असतं. काकांनी दारात बूट काढले. आत परकी माणसं बूट घालून फिरताहेत हे दिसत असूनही काढले, आणि मोज्यांनी त्या गुळगुळीत लाकडावरून चालत राहिले. जेवणाच्या दालनात भिंतीलगत जुन्या खुर्च्या होत्या. प्रत्येक खुर्चीच्या गादीवर एकेक सुकलेलं काटेरी बोंड ठेवलेलं होतं, साधारण आपल्या धोत्र्याच्या बोंडासारखं, जरा लांबट.

काका थबकले. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा परक्या गावात ओळखीचं माणूस भेटल्यावर उजळतो.

“बघितलंस?” ते मला म्हणाले. “यांच्यातही आहे. जागा धरलीये.”

मला हसू आवरेना. पण ते गंभीरपणे खुर्च्या मोजल्यासारखे बघत होते, एवढी सगळी माणसं यायची आहेत म्हणजे आपण इथे रेंगाळायला नको, असं त्यांचं चाललं होतं. पाय दुखत असूनही ते कुठे टेकले नाहीत. दालनात देखरेखीला एक वयस्कर बाई होत्या, फावल्या वेळात मोफत काम करणाऱ्या. काकांनी त्यांना अदबीने विचारलं, मंडळी कधी येणार. बाईंना आधी कळेना. मग कळल्यावर त्या फार गोड हसल्या. म्हणाल्या, कोणी यायचं नाहीये, खुर्च्या जुन्या झाल्यात, त्यांच्यावर कोणी बसू नये म्हणून ते काटे ठेवतो. घरची माणसं केव्हाच सोडून गेली. मग त्यांनी मोठ्या मनाने आपली स्वतःची घडीची खुर्ची काकांना दिली. काका बसले, पाणी प्यायले, त्यांचे आभार मानले. पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच.

जवळची दुसरी हवेली त्यांनी व्हॅनमधूनच बघितली. आम्ही परत आलो तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसले होते. गाडी सुरू झाल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, “रुमाल बरा. माणूस आलं की उचलता येतो.”

मग आपणहून बोलू लागले. मंजूच्या आईनेच नको म्हटलं होतं, मी काय करणार, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. मी हे पूर्वीही ऐकलेलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी ते मध्येच सोडलं आणि डब्याचं झाकण घट्ट आहे ना ते बघितलं.

किंग्ज लिन खरंच देखणं गाव आहे. काकांनी सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं, वखारी, दगडी गल्ल्या, ती जकातीची सुबक इमारत. काकांनी त्यातलं काहीही बघितलं नाही. नदीकाठच्या धक्क्यावर एक बाक गाठला, बसले, आणि शेजारी रुमाल ठेवला. मंजूला धक्क्याचं नाव कळवून खाली संदेश लिहिला. पाठवायच्या आधी मला दाखवला, शुद्धलेखन बरोबर आहे ना म्हणून. ‘सावकाश ये, जागा धरलीये.’

बाकीचे गाव बघायला गेले. काका मला म्हणाले, तू थांब. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला थर्मास घेऊन बसले. ओहोटी लागलेली, नदीच्या कडेचा चिखल हळूहळू उघडा पडत होता. एक इंग्रज जोडपं बसायला आलं, तर काका उभे राहिले, आपली जागा त्यांना देऊ केली, पण रुमालावर हात ठेवून म्हणाले, “सॉरी, समवन इज कमिंग.” ते दोघे पुढे गेले. बऱ्याच वेळाने बाकीचे गाव बघून परतले. ड्रायव्हरचा निखिलला फोन आला, संध्याकाळच्या गर्दीआधी निघायला हवं. निखिल येऊन लांब उभा राहिला. बापाला चला म्हणायची त्याची हिंमत होईना. मलाही होईना. मनातल्या मनात मी त्या पोरीवर चिडले होते, हे कबूल करते.

आणि ती आली. निळा युनिफॉर्म, खांद्याला बॅग, चालून लाल झालेली. चेहरा अगदी काकांचा. ती बाकासमोर उभी राहिली. काकांनी रुमाल उचलला. ती बसली नाही.

“सगळ्या जगासाठी जागा धरता बाबा,” ती म्हणाली. “आईजवळची माझी का नाही धरलीत?”

आता ते आईचं नाव पुढे करणार, म्हणून मी जीव मुठीत धरला. काकांच्या हातातल्या रुमालाचा पार बोळा झाला होता.

“चुकलं माझं,” ते म्हणाले. “ती नको म्हणाली, आणि मला ते बरंच वाटलं. तुला ये म्हणायचं, म्हणजे ती जाणार असं तोंडाने म्हणायचं. मला ते जमलं नाही. तुझी जागा मी घालवली.”

मंजू चिखलाकडे बघत उभी राहिली. मग बॅग खाली ठेवली आणि बसली. मी थर्मास तिथेच ठेवून उठले आणि निखिलला घेऊन त्या जकातीच्या इमारतीकडे निघाले. बघण्यासारखं तिथे काय होतं ते मला आज आठवत नाही. डोळे भरले होते, दिसणार काय. परत आलो तेव्हा डबा उघडा होता आणि मंजू म्हणत होती, “टाळूला चिकटतोय हा.” काका माझ्याकडे बघून हसले. ड्रायव्हरने जास्तीच्या वेळाचे पैसे लावले, आणि निखिलने हुज्जत न घालता दिले.

त्यानंतर रविवारी सकाळी शेजारून मोठमोठ्याने फोनवर बोलणं ऐकू यायचं. काकांना वाटायचं, इंग्लंड लांब आहे, म्हणजे आवाज मोठा हवा.

फेब्रुवारीत काकांच्या छातीत दुखू लागलं. निखिल खालच्या मजल्यावर मीटिंगमध्ये होता. त्याला हाक मारायच्या आधी काकांनी मंजूला फोन लावला. हे निखिलनेच मला सांगितलं, थोडं रागाने आणि पुष्कळ अभिमानाने. फोनवर ते एवढंच म्हणाले होते, “लवकर ये. जागा धरलीये.” सगळी वर्षं ज्यांच्या तोंडी ‘सावकाश’ ऐकलं, त्यांनी पहिल्यांदाच लवकर म्हटलं होतं.

मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले तर काकांच्या पलंगालगतच्या खुर्चीवर पांढरा रुमाल होता, आणि निखिल खिडकीला टेकून उभा होता. नर्सने खुर्ची हलवायला घेतली की काका हात वर करून नको म्हणत. डॉक्टरांनी फार आशा ठेवू नका असं निखिलला सांगितलं होतं. निखिल दमून म्हणाला, “बाबा, मी बसू का जरा? ती अजून विमानात आहे.”

“तू रोज बसतोस,” काका म्हणाले.

मंजू विमानतळावरून तडक आली. अंगात कोट तसाच, हातात बॅग तशीच. काकांना मान वळवायलाही कष्ट पडत होते, पण रुमाल त्यांनी आपल्या हाताने उचलला, दुसऱ्या कोणाला उचलू दिला नाही. ती त्या खुर्चीवर बसली, ते शेवटपर्यंत तिथेच. काका गेले तेव्हा त्यांचा एक हात तिच्या हातात होता.

परवा मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम झाला. मला निघायला नेहमीसारखाच उशीर झाला. गाडी चालवताना दोनदा फोनकडे बघितलं. सभागृहात शिरलो तेव्हा सत्कार चालू होते. दुसऱ्या रांगेत रिकाम्या खुर्च्या होत्या, नाही असं नाही. नवऱ्याने त्यांच्याकडे बोट दाखवलं. मी नको म्हटलं, आणि आम्ही मागे भिंतीला टेकून उभे राहिलो.