‘सेट’चा खण

माझ्या मामाला कोशाच्या कचेरीत ‘सेट’ हा शब्द मिळाला तेव्हा मुदत तीन महिन्यांची होती. त्याने अकरा वर्षं लावली. आम्ही भाचरं त्याची यथेच्छ टर उडवायचो.

कोश होता आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा. कचेरीचा नियम कडक. अर्थ मनाने लिहायचा नाही. कुणी बोललेलं, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं वाक्य चिठ्ठीवर उतरवायचं आणि त्यावरून अर्थ ठरवायचा. शब्द पुरा झाला की चिठ्ठ्या रद्दीत.

आता मामा पडला घुमा. तो ऐकणार कुणाचं? मामीचं. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला की मामाचा हात खिशातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांकडे जायचा. “गजर सहाला सेट केलाय, मग माझ्या नावाने ओरडू नका.” “केस सेट करून आलेय, बघायचं सोडून लिहिताय काय?” “पोरगी तिकडे सेट झाली. आता आपण दोघंच.”

या शब्दाला दोन मुळं आहेत, हे त्याने तिला एकदा सांगितलं. एक बसवण्याचं, दुसरं कुणाच्या तरी मागून जाणाऱ्यांच्या गटाचं. दोन्ही निरनिराळ्या वाटांनी आली आणि एकाच शब्दात राहायला लागली.

“आपल्यासारखंच की,” मामी म्हणाली. “तुम्ही बसून राहणार, मी मागे मागे फिरणार.”

फिरणारीच आधी गेली. त्याला आता तीन वर्षं झाली. शब्द तेव्हाच पुरा होत आला होता, पण मामाने पुरा केला नाही. पुरा केला असता तर तिचं बोलणं रद्दीत गेलं असतं. दुपारी कचेरी पेंगायला लागली की तो टेबलाचा खण ओढायचा, एक चिठ्ठी काढायचा आणि डोळे मिटायचा. खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत त्याच्या मनगटापर्यंत यायचं. मी एकदा विचारलं, “झोपलास?”

“ऐकतोय,” तो म्हणाला.

मग त्याची निवृत्ती आली. संपादकबाईंनी शुक्रवारपर्यंत खण रिकामा मागितला. बाई नाकासमोर चालणाऱ्या, त्यांच्यापुढे कुणाची डाळ शिजत नसे. मी मदतीला गेले. मामाने तासाभरात सगळा शब्द लिहून काढला. तो केव्हाचा त्याच्या डोक्यात तयार होता. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याने दोन्ही हातांनी बाईंपुढे ठेवला. मला बघवेना.

बाई एकेक चिठ्ठी वाचायला लागल्या. मध्येच हसल्या. त्यांना हसताना कचेरीने प्रथमच पाहिलं असेल. “ही वाक्यं उदाहरणं म्हणून छापू,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठ्या मात्र जातील. नियम आहे.”

मामाने मान हलवली.

तेवढ्यात त्या एका चिठ्ठीपाशी थांबल्या. “हे अक्षर तुमचं नाही.”

“तिचं आहे. मी घरी नसताना माझ्याच कोऱ्या चिठ्ठीवर लिहून ठेवलेलं. त्यातही शब्द आला होता, म्हणून लावली इथे.”

“म्हणजे तुम्ही हे ऐकलेलं नाही.”

“नाही.”

“मग ही नियमात बसत नाही. अकरा वर्षं काम करून एवढं कळू नये तुम्हाला?” बाईंनी ती चिठ्ठी वेगळी काढून त्याच्यापुढे सरकवली. “कचेरीची नव्हे ही. घेऊन जा.” आणि उगाचच चष्मा पुसायला लागल्या.

घरी आल्यावर मामाने चहा टाकला, सवयीने दोन कप मांडले. मी समोर होते म्हणून बरं. मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली.

‘सेटमधले चार कप फुटले. माझ्याच हातून. नवा सेट आणायला धावू नका. आपल्याला दोनच तर लागतात.’