विकास आराखड्यातला डबा

जिनिंगच्या कारखान्यात काम केलं की कापूस अंगाला चिकटतो, आणि किस्सेही. कितीही झटका, कॉलरवर थोडे उरतातच. माझ्या बोरगाव मेघेच्या खोलीवर ते ऐकायला कुणी नाही, म्हणून आज तुम्हाला धरलंय!

*

मी चार वर्षं वजनकाट्यावर होतो. दुपारी काट्यामागे पेपर अंथरायचा, सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, कांदा बुक्कीनं फोडायचा. गेल्या वर्षी मी मॅनेजर झालो. पहिल्याच दुपारी डबा घेऊन गेलो, तर सगळे हातातला घास ठेवून उभे राहिले! गुपचूप केबिनमध्ये परतलो. तिथे कांदा फोडला, तर अर्धा लॅपटॉपवर उडाला.

*

आमचे फोरमन डोंगरेकाका. काम त्यांनीच शिकवलं, तेव्हा 'अबे' म्हणून हाक मारायचे. आता 'साहेब'! एकदा म्हटलं, "काका, पहिल्यासारखं अबे म्हणा ना."

काका म्हणाले, "अबे साहेब, तसं जमत नाई!"

सगळे हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो, वाईट वाटलं.

*

मग पुण्याच्या ऑफिसातून फॉर्म आला. नव्या मॅनेजरांनी आपापला 'वैयक्तिक विकास आराखडा' भरायचा. तीन महिन्यांचं ध्येय काय? मी मनातलं लिहून टाकलं, "टीमबरोबर डबा खाणे."

एचआरच्या मॅडमचा फोन आला. "छान आहे, पण हे मोजता येत नाही!"

मग लिहिलं, "आठवड्यातून तीन दिवस."

*

फॉर्मवर दर आठवड्याला साक्षीदाराची नोंद आणि सही हवी होती; ती नोंद मी वाचायची नाही, असा नियम. काकांना गाठलं. त्यांनी आराखडा वाचला.

"एवढ्यासाठी कागद काऊन लागते? येजो ना. फक्त खुर्ची नोको आणजो!"

*

पण पुण्याची ऑनलाइन मीटिंग नेमकी जेवायच्या वेळेला! तीन महिन्यांत पेपरवर चार-पाचदाच बसलो असेन. माझ्या वाटणीची वांग्याची भाजी झाकून ठेवलेली असायची. मी पोचेपर्यंत सगळे मशीनवर गेलेले. मग तिथेच उभ्याउभ्या एकटा खायचो.

*

तीन महिने झाले. मॅडमचा फोन आला, "अभिनंदन! तुम्ही रोज टीमबरोबर जेवता, असं साक्षीदारानं लिहिलंय. इतकं जुळवून घेणारा माणूस आम्हाला परभणीच्या प्लांटला हवाय!"

परभणीत माझ्या ओळखीचं काळं कुत्रंही नाही. तडक काकांकडे गेलो. "काका, रोज काऊन लिवलं?"

"तुमचे मार्क कटू नये म्हणून!"

मी बदलीचं सांगितलं. काकांनी मशीन बंद केली, ग्रीसचे हात पँटला पुसले.

"कुठी हाये तो कागद? आना इकडे. म्या खोटं लिवलं म्हणून सांगतो!"