आमच्या गल्लीत हायब्रिड गाडी आली

मालिकांचे संवाद लिहून मी बरीच वर्षं घर चालवलं. लालबागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, आईच्या खाटेला लागून माझं टेबल होतं. तिथे बसून मी श्रीमंतांच्या बंगल्यातली भांडणं लिहायचे आणि संध्याकाळी आई तीच भांडणं टीव्हीवर डोळे मोठे करून बघायची. "ह्या तूच लिवलंस?" असं दर दोन दिवसांनी विचारायची. हो म्हटलं की शेजारणीला हाक मारून सांगायची.

आईला दमा होता. वडील गिरणीत होते तोवर घरात कापसाची धूळ यायची. गिरणी गेली, तिच्या जागेवर टॉवर चढायला लागला आणि मग सिमेंटची यायला लागली. दुपारी आईची उशी झटकली तर हाताला कच लागायची. पंप कायम उशाखाली.

तर अशात एक दिवस चॅनलच्या मीटिंगमध्ये सांगण्यात आलं की मालिकेला एका गाडी कंपनीचं प्रायोजकत्व मिळालंय. नायिकेला नवी हायब्रिड गाडी द्यायची आणि त्यानिमित्ताने दोन आठवडे पर्यावरणाचा ट्रॅक, म्हणजे उपकथा, चालवायचा. सगळे वैतागले. मी मात्र मनापासून खूश झाले, कारण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माहीत असलेल्या गोष्टीवर लिहायला मिळणार होतं. शिवडीच्या खाडीवर मी लहानपणापासून जात आलेय. चिखलात उतरलेले फ्लेमिंगो बघायला माणसं दुर्बिणी घेऊन येतात. त्यांच्या पाठीमागे थोड्या अंतरावर डंपर येऊन पाडलेल्या इमारतींचा मलबा ओततात, हेही मी बघितलंय. तेच लिहिलं. नायिका नवीन गाडी घेऊन खाडीवर जाते, डंपर बघते, त्याच्यावरचं नाव वाचते, आणि तो मलबा आपल्याच सासऱ्यांच्या साईटवरचा आहे हे तिला कळतं. मला वाटतं, तो माझ्या हातून उतरलेला सगळ्यात चांगला प्रसंग होता.

चॅनलच्या क्रिएटिव्ह बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी तरी लहान. त्यांनी तो वाचला आणि हसून म्हणाल्या, "ताई, लिहिलंय कमाल. पण बिल्डर नको. ब्रेकमध्ये आपल्याकडे त्यांच्याच जाहिराती असतात ना."

"मग प्रदूषण करतं कोण?"

"टॅक्सी दाखवू या. जुनी काळी-पिवळी, मागून काळाकुट्ट धूर. नायिका गाडीतून उतरते, ड्रायव्हरला झापते, त्याला त्याची चूक कळते. एकदम क्लीन."

"अहो, मुंबईतल्या टॅक्सी कधीच्या गॅसवर आल्यात. काळा धूर निघत नाही त्यातून."

"प्रेक्षकांना एवढं कळत नाही, ताई."

त्यांचे प्रेक्षक म्हणजे माझी आई. मी त्यांना हेही सांगितलं की 'ही गाडी हवा स्वच्छ करते' असं वाक्य मी लिहिणार नाही. हायब्रिड गाडी थोडी बॅटरीवर चालते म्हणून पेट्रोल कमी पिते, चांगलीच गोष्ट आहे ती, पण पितेच. झाडासारखी रस्त्यात उभी राहून हवा गाळत नाही. त्या मान डोलावत राहिल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की तो प्रसंग दुसऱ्या लेखकाकडून लिहून घेतलाय आणि शूटिंग आमच्याच गल्लीत आहे. आमच्या गल्लीचं वर्णन मी आधीच्या एका भागात केलं होतं, ते दिग्दर्शकाला आवडलं होतं म्हणे.

शूटिंगच्या सकाळी मी गॅलरीतून बघत होते. हायब्रिड गाडी चालत आलीच नाही. तिला ओरखडा पडू नये म्हणून एका मोठ्या डिझेल ट्रकच्या पाठीवर बसवून आणली. पाठोपाठ जनरेटरची गाडी आली आणि बरोबर आमच्या जिन्याच्या तोंडाशी लागली. सकाळपासून ती धडधडत होती आणि तिचा धूर जिन्यातून वर चढत होता.

"गो बाय, खिडकी लाव. वास येता," आई म्हणाली. खिडकी लावली. आत उकाडा झाला. पंखा लावला, तर जिन्यातला धूर दाराच्या फटीतून आत ओढला जायला लागला.

खाली टॅक्सी उभी होती ती आमच्या शेजारच्या काकांची. वडील गेल्यावर आमच्याकडे गॅस सिलेंडर वर चढवण्यापासून आईला इस्पितळात नेण्यापर्यंत सगळं ह्या काकांनी केलं. उभा जन्म टॅक्सीत गेला त्यांचा. प्रॉडक्शनवाल्यांनी त्यांना गाठलं होतं: तुमची टॅक्सी द्या, तुम्हीच ड्रायव्हर म्हणून उभे राहा, टीव्हीवर दिसाल. काकांनी कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घातला होता. दाढी करून आले होते. काकू दोन्ही सुनांना घेऊन पहिल्या मजल्याच्या कठड्याला येऊन उभी राहिली. प्रसंग काय आहे, हे काकांना कोणीही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं सांगितलं असेल.

कोणीतरी टॅक्सीखाली वाकून सायलेन्सरपाशी धुराचा डबा बांधला आणि पेटवला. दिग्दर्शकाने ॲक्शन म्हटलं. नायिका गाडीतून उतरली, नाकाला ओढणी लावली आणि काकांवर कडाडली, "तुमच्यासारख्या माणसांमुळे आमच्या मुलांना श्वास घेता येत नाही! लाज वाटत नाही तुम्हाला?"

काका गोंधळले. "मॅडम, माझी गाडी गॅसवर आहे," ते खरंच बोलले. सगळं युनिट हसलं.

"काका, बोलायचं नाही. मान खाली घालून उभं राहायचं फक्त," दिग्दर्शकाने सांगितलं.

पुन्हा घेतलं. काकांनी मान खाली घातली. मग जवळून घेतलं, मग वरून घेतलं. दर वेळी नवा डबा. नायिका दर वेळी तेवढ्याच जोराने त्यांची लाज काढत होती आणि कठड्यावर काकू तोंडात पदर धरून उभी. मी तिच्याकडे बघितलं नि मला खाली जाऊन काहीतरी फोडावंसं वाटलं.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. आवाज कसला, शिटीसारखं काहीतरी. ती खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती, पंप तोंडाला लावून, आणि पंपाने काही होत नव्हतं. "माका श्वास गावना नाय गो," एवढंच ती कशीबशी म्हणाली. खोलीत काळसर धूर दिसत होता.

मी जिना कसा उतरले, आठवत नाही. टेक चालू होता. मी कॅमेऱ्यासमोरच गेले आणि ओरडले, "बंद करा हे! माझी आई मरतेय वर!"

"ताई, एक मिनिट, लास्ट टेक आहे," क्रिएटिव्ह बाई म्हणाल्या. हे शब्द मी विसरणार नाही. एक मिनिट.

काकांनी वाकून तो डबा ओढून काढला, हात पोळला असणार, आणि गटाराच्या कडेला फेकला. मग वर धावले. त्यांनी आणि मी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. दिग्दर्शक म्हणत होता की कंटिन्युइटी जाईल, आधीच्या टेकशी जुळणार नाही, टॅक्सी हलवू नका, आमची दुसरी गाडी देतो. दुसरी गाडी म्हणजे ती हायब्रिड. तिच्या पुढे कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ टाकलेले, दारांवर दिवे बांधलेले. काकांनी टॅक्सी सुरू केली आणि युनिटच्या दिव्याचा एक स्टँड आडवा पाडून थेट परळच्या दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

आई वाचली. तोंडाला मास्क लावल्यावर हळूहळू तिचे ओठ परत रंगावर आले. काका बाहेर बाकावर बसून होते. पोळलेल्या हातावर फुंकर घालत त्यांनी मला विचारलं, "मी काय चूक केली गो? ती बाई मला एवढं का बोलत होती?" नाटकातलं बोलणं आहे, काका, असं मी सांगायला लागले आणि अर्ध्यात उठून त्यांच्या हातासाठी मलम आणायला गेले, इतका राग आला होता मला.

तोवर झालेलं चित्रीकरण चॅनलवाल्यांना पुरलं. भाग दाखवला गेला. काका मान खाली घालून उभे, चेहरा स्पष्ट, मागे आमची चाळ, आणि नायिका गाडीच्या टपावर हात ठेवून सांगतेय की ही गाडी हवा स्वच्छ करते. खाली लेखकांच्या नावांत माझं नाव होतं.

मी लोअर परळला चॅनलच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत, आत इतकं थंड की हात आखडतात. म्हटलं, माझं नाव काढा आणि पुढच्या भागात एक वाक्य टाका, की टॅक्सी गॅसवर चालते. फक्त एक वाक्य. क्रिएटिव्ह बाईंनी आईची चौकशी केली, पाणी मागवलं, आणि म्हणाल्या, "ट्रॅक खूप चाललाय ताई. आता डिस्टर्ब नको करू या." मी पाणी प्यायले नाही. मालिका तिथेच सोडली. नंतर त्यांचे फोन आले, पण मी उचलले नाहीत. आता एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासते.

चीड मला त्यांचीच आली असती तर बरं. पण आमच्या चाळीतल्याच लोकांनी तो भाग मोबाईलवरून एकमेकांना पाठवला. आपली चाळ टीव्हीवर आली, म्हणून. टॅक्सीस्टँडवर पोरं काकांना 'धूरवाले' म्हणायला लागली. सुरुवातीला काका हसायचे. मग त्यांनी लालबागच्या स्टँडवर उभं राहणं सोडलं आणि रे रोडच्या बाजूला जायला लागले, जिथे त्यांना कोणी ओळखत नाही. तिथून यायला उशीर होतो, जेवण निवतं, काकू कुरकुरते. मी एकदा त्यांना म्हटलं, चला, आपण तक्रार करू. ते म्हणाले, "कुणाकडे करायची? जाऊ दे. तुझी आई बरी आहे ना?"

आई बरी आहे. मालिका अजून बघते. तिला मी सगळं सांगितलंय, तरी बघते. परवा नायिका त्या गाडीतून देवळात गेली, तेव्हा आई मला म्हणाली, "आवाज कसो नाय गो त्या गाडीक." मी उठून बाहेर गॅलरीत गेले. समोरच्या टॉवरवर काँक्रीटचं काम चालू होतं आणि आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसत होती. मी ते कपडे एकेक करून आत घेतले.