दादाला मी दिलेली खात्री

वहिनीचा फोन आला तेव्हा भर दुपार होती आणि मी पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदराच्या फुफ्फुसातल्या पेशी मोजत होते. "दादा गेले," एवढंच ती म्हणाली. पेणच्या गणपती कारखान्यात बसल्या जागी धाप लागली, रिक्षात घालेपर्यंत सगळं संपलं... महिना उलटला. लोक म्हणतात, त्याच्याविषयी चांगलं लिही. चांगलं लिहायला हात उचलत नाही, आधी हे लिहायला हवं.

विलासदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आम्ही रोह्याच्या पुलापलीकडचे, अष्टमी गावचे. वडील गेल्यावर त्याने कॉलेज सोडलं, कारखान्यात लागला आणि मला शिकवलं. त्याचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचं. श्वास रोखून बुबुळाची रेघ ओढायची आणि ती संपली की छातीभर श्वास घ्यायचा. तोही कुठे, तर शेजारी रंगाचा स्प्रे चाललाय, पलीकडे प्लास्टर घासतायत, तिथे! मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते, म्हणून मास्क नाही. घरी भेटला की चिडवायचा, "काय गो शास्त्रज्ञीणबाई, उंदरांना खोकला झाला काय?" स्वतः मात्र जिन्यात दोनदा थांबायचा.

मीच मागे लागून त्याची अ‍ॅलर्जीची तपासणी करायला लावली. धूळ, परागकण, झुरळं, सगळं निगेटिव्ह. मी घाईत होते. फोनवरच म्हटलं, "दादा, तुला अ‍ॅलर्जी नाहीये."

"म्हंजे कारखाना सोडायला नको?"

"नको रे."

त्याला केवढं हायसं वाटलं! धापेसाठी डॉक्टरांनी दिलेला तोंडात मारायचा पंपही त्याने हळूहळू बंद केला.

आता माझा मूर्खपणा ऐका. ती तपासणी एवढंच सांगते, की शरीराने एखादा पदार्थ ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलीत का. मी ज्या पेशींवर पीएचडी केली, त्यांना अशी ओळख लागतच नाही. जन्माच्या आसपासच त्या फुफ्फुसात मुक्कामाला येतात, आणि घडतानाच त्यांच्यातली काही जनुकं अर्धी उघडी राहिलेली असतात. धुळीने, रंगाने श्वासनळीचं अस्तर दुखावलं की ते हाका मारतं, मग ती जनुकं पूर्ण उघडतात आणि पेशी अ‍ॅलर्जीचीच सायटोकाइन्स, म्हणजे सूज आणि चिकट कफ आणणारी रसायनं, ओतू लागतात. एकदा सवय लागली की पुढच्या खेपेला थोडी धूळही पुरते. दादाला हेच झालं होतं का, ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण त्या फोननंतर वर्षभराने हेच विद्यार्थ्यांना शिकवताना माझी चूक माझ्या लक्षात आली होती. म्हटलं, दिवाळीला घरी गेले की सांगू. दिवाळीत तो इतका खुशीत होता... राहून गेलं.

तेरावं झाल्यावर त्याचे ब्रश आणायला पेणला गेले. त्याच्या पाटावर नंदाबाई बसल्या होत्या. वाडीवरून कामाला येतात, दादानेच त्यांना आखणी शिकवलेली. तोंडाला काही नाही, मध्येमध्ये खोकत होत्या. मी म्हटलं, "मास्क लावा हो."

"काय नाय होत ताई. दादा सगल्यांना सांगायचे, माझ्या भयनीनं बघितलंय, हितल्या धुलीनं काय होत नाय."

मी स्प्रेचा कॉम्प्रेसर बंद करायला लावला. सगळ्यांच्या माना वळल्या. म्हटलं, "मीच ती बहीण. मी दादाला चुकीचं सांगितलं होतं. मला नंतर कळलं."

नंदाबाईंनी ब्रश खाली ठेवला.

"मंग त्यांना सांगितलंत का नाय?"

"नाही सांगितलं," मी म्हटलं.